चंदीचं माप

घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठरात उतरते तिथला स्नायूंचा वेढा इतका घट्ट असतो की आत गेलेलं परत वर येत नाही. कुत्र्या-मांजराने नको ते खाल्लं तर ते ओकून मोकळं होतं. घोड्याला ती सोय नाही. पोटात गेलं ते पुढेच सरकणार, आणि पुढे जाऊन जो उत्पात करायचा तो करणार. त्यात हे जठर लहान. पाचशे किलोच्या घोड्याचं जठर आठ ते पंधरा लिटरांचं असतं. तेवढ्याच वजनाच्या गाईच्या पोटातला पहिला कप्पाच शंभर लिटरांच्या वर जातो. थोडं थोडं, पण सतत खावं, अशी घोड्याची घडण आहे. मोकळ्या माळावर सोडलेला घोडा दिवसातले चौदा-सोळा तास चरतो, रात्रीसुद्धा चरतो.

आणि आपण त्याच्यापुढे सकाळ-संध्याकाळ दाण्याची बादली ठेवतो.

दाणा द्यावाच की देऊच नये, हा वाद मला घालायचा नाही. शर्यतीत पळणाऱ्या, दिवसभर डोंगर चढणाऱ्या घोड्याला नुसत्या वाळल्या गवतावर लागेल तेवढी ताकद मिळत नाही. माझं म्हणणं मापाबद्दल आहे. घोड्याच्या आजारपणाचा विषय निघाला की पशुवैद्य असो, रेसकोर्सवरचा सईस असो की डोंगरावरचा घोडेवाला, बोलणं फिरून तीनच प्रश्नांवर येतं. कशाचा दाणा, किती दिला आणि कधी दिला. आपल्याकडे यांतल्या ‘किती’चं उत्तर बहुतेक ठिकाणी डब्यात मिळतं. घोडा मात्र डब्याने पचवत नाही.

मराठी मुलखाला घोड्याचा खुराक नवा नाही. शिवाजी महाराजांनी १६७३-७४च्या सुमारास चिपळूणकडे पावसाळ्यासाठी छावणी केलेल्या लष्करातल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याची बेगमी म्हणून दाणा, रातीब आणि गवत जमवून ठेवलं आहे, ते आत्ताच मनास येईल तसं चारून संपवलंत तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमच्या माथी येईल, असा त्याचा आशय. मग तुम्ही कुणब्याच्या घरचे दाणे नि गवत ओढायला लागाल, तेही त्यात बजावलं आहे. या पत्राचं मोल रयतेच्या बाजूने सांगितलं जातं, ते योग्यच. पण पागेच्या बाजूने वाचलं तर घोडदळाचं सगळं शास्त्र त्यात दिसतं: हातात आहे म्हणून चारू नये, मोजून चारावं आणि पुढचे चार महिने डोळ्यांपुढे ठेवावेत. चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, हा त्याचा मान, अशी आपली समजूत. महाराजांनी तिला हिशेबाला बसवलं.

आता घोड्याच्या तोंडापासून सुरुवात करू. जर्मनीतल्या हॅनोवरच्या पशुवैद्यक विद्यापीठात हेल्मुट मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकापासून घोड्याच्या खाण्याची बारीक मोजदाद केली. एक किलो वाळलं गवत संपवायला घोड्याला सुमारे चाळीस मिनिटं लागतात आणि तीन हजारांहून जास्त वेळा जबडा फिरवावा लागतो. एक किलो ओट मात्र दहाएक मिनिटांत, हजाराच्या आतबाहेर चावण्यांत संपतात. गवत खाणाऱ्या घोड्याशेजारी थोडा वेळ उभं राहिलं की हे आकडे समोर दिसायला लागतात. जबडा वरखाली न होता आडवा, जात्यासारखा फिरतो. प्रत्येक फेऱ्याला डोळ्याच्या वरचा खळगा उचलतो आणि बसतो. मध्येच कान मागे वळतो, पण जबडा थांबत नाही. मग त्याच घोड्याच्या तोंडाला तोबरा लावा. आठ-दहा मिनिटं घाईघाईचा कुडुमकुडुम आवाज आणि पुढचे कित्येक तास रिकामे. त्या रिकाम्या वेळात तो लाकूड कुरतडतो, दोर चघळतो, शेजारच्याची शेपटी चावतो. लोक त्याला खोडी म्हणतात. बहुतेक वेळा ती चावायची राहून गेलेली भूक असते.

चावण्याशी लाळेचा संबंध आहे. माणसाच्या तोंडाला नुसत्या वासाने पाणी सुटतं. घोड्याची लाळ जबडा चालल्याशिवाय सुटत नाही. भरपूर चारा खाणाऱ्या मोठ्या घोड्याच्या तोंडात दिवसाला तीस-चाळीस लिटरांपर्यंत लाळ तयार होते आणि तिच्यातल्या क्षारांमुळे पोटातलं आम्ल मवाळ होतं. जठरातलं आम्ल मात्र खाणं असो-नसो, चोवीस तास झरत राहतं. दाणा जास्त आणि चारा कमी म्हणजे चावणं कमी, लाळ कमी आणि आम्ल तेवढंच. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून वाचवणारा बुळबुळीत थर नसतो, त्यामुळे व्रण पहिल्यांदा तिथेच पडतात. डेन्मार्कमधल्या दोनशे घोड्यांची एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या पोटात दिवसाला दर किलो वजनामागे दोन ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च जात होता, त्यांच्यात जठराच्या व्रणाची शक्यता दुपटीहून अधिक निघाली. शर्यतीच्या घोड्यांत तर व्रण नसलेला घोडा शोधावा लागतो. इतका वेगवान, इतका देखणा प्राणी पोटात जळजळ घेऊन पळत असतो, आणि ती सांगायला त्याच्याकडे अंग आखडणं नि खाणं सोडणं यापलीकडे फारसं काही नाही.

माणसाच्या लाळेतच स्टार्च फोडणारं अमायलेज असतं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो तो त्यामुळे. घोड्याच्या लाळेत ते जवळजवळ नाही. स्वादुपिंडातून ते लहान आतड्यात येतं, पण डुकराच्या मानाने फारच थोडं, शिवाय घोड्या-घोड्यांत त्याचं प्रमाण बरंच वेगवेगळं. त्यामुळे तोच खुराक एका घोड्याला मानवतो आणि त्याच दावणीच्या दुसऱ्याला बाधतो. लहान आतडं वीसेक मीटर लांब असलं तरी अन्न त्यातून दोन-तीन तासांत पुढे निघून जातं. स्टार्च पचायचा तर एवढ्या वेळात आणि एवढ्याशा अमायलेजवर. जे पचलं त्याची साखर होऊन रक्तात गेली. राहिलं ते पुढे गेलं.

किती राहतं, हेही मायर यांच्या गटाने १९९०च्या दशकात मोजलं. लहान आतड्याच्या टोकाशी पोहोचलेल्या अन्नाचे नमुने घेऊन त्यांनी पाहिलं की आख्ख्या ओटमधला ८० टक्क्यांहून अधिक स्टार्च तोवर पचलेला असतो. आख्ख्या मक्यातला ३० टक्क्यांपेक्षाही कमी. मका दळला तर साधारण ४५ टक्के. चपटे केलेले जव जेमतेम २० टक्क्यांच्या आसपास. आणि मक्याच्या लाह्या केल्या तर एकदम ९० टक्के.

या आकड्यांपाशी थांबायला हवं. ओटमधले स्टार्चचे कण लहान आणि सुटे; अमायलेजला चटकन सापडतात. मक्यात नि जवात तेच कण प्रथिनांच्या घट्ट जाळ्यात रुतलेले असतात. दळल्याने दाणा बारीक होतो, जाळं मात्र बरंचसं तसंच राहतं. पाणी आणि उष्णता एकत्र मिळाली की कण फुगतो, फुटतो, त्याची आतली रचना मोडते आणि मग तो पचतो. लाही फुटते तेव्हा दाण्यातल्याच पाण्याची वाफ हे काम करते. नागपंचमीला आपण फोडतो त्या ज्वारीच्या लाह्यांतही हेच घडतं. पण नुसतं भिजवून हे होत नाही, ही गोष्ट घोडा पाळणाऱ्याने पक्की ध्यानात ठेवावी. भिजवलेला दाणा मऊ होतो, चावायला सोपा जातो, नरड्यात अडकत नाही, पोटात जाऊन फुगत नाही. हे सगळे फायदे खरेच. पण त्यातला स्टार्च कच्चाच असतो.

न पचलेला स्टार्च जातो मोठ्या आतड्यात. घोड्याचं खरं स्वयंपाकघर तिथे आहे. सुरुवातीला अंधनाल, म्हणजे एका टोकाला बंद असलेली, सुमारे मीटरभर लांबीची आणि पंचवीस-तीस लिटरांची पिशवी. तिच्यापुढे आणखी मोठा, वळणावळणांचा आतड्याचा भाग. इथे कोट्यवधी जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव गवतातला तंतू कुजवून त्याची मेदाम्लं बनवतात. चाऱ्यावरच्या घोड्याला निम्म्याहून जास्त शक्ती या मेदाम्लांतून मिळते. घाई नसते, अन्न इथे दीड-दोन दिवस रेंगाळतं. घोड्याच्या उजव्या कुशीच्या वरच्या अंगाला कान लावला तर मिनिटा-दोन मिनिटांनी नळ सोडल्यासारखा गडगडाट ऐकू येतो. लहान आतड्यातलं पाणी-अन्न अंधनालेत उतरल्याचा तो आवाज. पोटशूळ झालेल्या घोड्याला तपासायला आलेले डॉक्टर आधी तिथे कान लावतात. तिथली शांतता त्यांना नको असते.

या सूक्ष्मजीवांच्या वस्तीत एकदम कच्चा स्टार्च येऊन पडला की तो खाणाऱ्या जिवाणूंचं फावतं. ते तासातासाला वाढतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. आम्लता वाढली की तंतू पचवणारे जिवाणू मरायला लागतात. मेलेल्या जिवाणूंच्या कवचातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात, आम्लाने आतड्याचं अस्तर दुखावतं आणि ती द्रव्यं रक्तात उतरायला वाट होते. बाहेरून दिसतं ते एवढंच: घोडा अस्वस्थ, मान वळवून कुशीकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो, पोट तट्ट फुगतं, लीद पातळ होते नाहीतर थांबते. हा पोटशूळ. पण त्यातून घोडा वाचला तरी संकट टळलं असं होत नाही, कारण दुसरा घाव पोटापासून सगळ्यात दूरच्या अवयवावर बसतो. खुरावर.

खूर म्हणजे पायाच्या टोकाला बसवलेली टणक वाटी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात खुराच्या आतलं हाड खुराच्या तळावर टेकलेलं नसून भिंतीला आतून टांगलेलं असतं. भिंतीच्या आतल्या बाजूला साडेपाचशे-सहाशे उभ्या पाकळ्या, प्रत्येक पाकळीवर शंभराहून जास्त सूक्ष्म पाकळ्या, आणि त्या हाडावरच्या तशाच पाकळ्यांत गुंतलेल्या. घोड्याचा सारा भार या गुंतवळीवर तोललेला असतो. रक्तातून आलेल्या विषाने आणि दाहाने ती गुंतवळ सुटायला लागली की भार घेणारं काही राहत नाही. मागचा जाड स्नायुबंध हाड मागे खेचतो, हाडाचं टोक खाली झुकतं आणि फार झालं तर तळ फोडून बाहेर येतं. याला पशुवैद्य लॅमिनायटिस म्हणतात. असा घोडा एकदा पाहिला की विसरता येत नाही. पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे पोटाखाली ओढून घेतलेले, टाचांवर भार देऊन जागीच खिळलेला. वळायला सांगितलं तर मेणाच्या पायांवर उभा असल्यासारखा थरथरतो. खुराला हात लावला तर गरम लागतं आणि टाचेच्या वरच्या खळग्यात एरवी जेमतेम सापडणारी नाडी बोटांखाली ठणठणते. तिथे बोटं ठेवायला प्रत्येक घोडेवाल्याने शिकावं. दुखणं उघड दिसायच्या आधी ही नाडी बोलते, आणि त्या वेळी डॉक्टर आले तर काही करता येतं.

दाण्यावरचा हा आरोप अनुमानावर उभा नाही. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात १९७५ साली संशोधकांनी मक्याचा स्टार्च घोड्यांच्या पोटात नळीने सोडून हा रोग मुद्दाम घडवून दाखवला. नंतर कितीतरी वर्षं लॅमिनायटिसचा अभ्यास याच पद्धतीने झाला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात २००७ साली आणखी एक वाट उघडी पडली. तिथे धडधाकट तट्टांच्या रक्तात इन्सुलिनचं प्रमाण दोन-तीन दिवस चढतं ठेवलं आणि पोटाला काहीही न होता त्यांना लॅमिनायटिस झाला. म्हणजे लहान आतड्यात नीट पचलेला स्टार्चही, सुटलेल्या अंगाच्या, काम नसलेल्या तट्टाला सुरक्षित नाही. पचला नाही तर आम्ल, पचला तर इन्सुलिन.

आता डब्याकडे येऊ. दोन लिटरांचा डबा घ्या. त्यात ओट भरले तर साधारण नऊशे ग्रॅम मावतात. त्यात स्टार्च साडेतीनशे-पावणेचारशे ग्रॅम. त्याच डब्यात मका भरला तर जवळजवळ दीड किलो मावतो आणि स्टार्च किलोच्या घरात जातो. डबा तोच, हात तोच. आपल्याकडच्या देशी घोड्याचं वजन तीनशे किलो धरू. एका वेळच्या खाण्यात दर किलो वजनामागे स्टार्च किती असावा, याची मर्यादा १९९०च्या दशकात साडेतीन-चार ग्रॅम सांगत. आता जाणकार दोनच्या वर जाऊ देत नाहीत आणि शक्यतो एकच्या आत ठेवा म्हणतात. म्हणजे या घोड्याला एका वेळी तीनशे ग्रॅम बरा, सहाशे ही हद्द. ओटचा डबा त्यात बसतो. मक्याचा डबा हद्द ओलांडून कुठल्या कुठे जातो. आणि मायर यांचे आकडे लावले तर ओटच्या डब्यातला सत्तर-एक ग्रॅम स्टार्च मोठ्या आतड्यात पोहोचेल, आख्ख्या मक्याच्या डब्यातला सातशे. दहापट. ओट संपले, आज मका घाल, असं सहज म्हणताना घोड्याच्या पोटात काय उलथापालथ होते, ते या दोन आकड्यांत आहे. बाजरी, ज्वारी, गहू हेही स्टार्चच्या बाबतीत ओटच्या बाजूचे नाहीत, मक्याच्याच पंगतीतले आहेत.

ओट आपल्याकडचं पीक नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीने पुसा इथल्या आपल्या अश्वपैदास केंद्रावर १८०८ साली विल्यम मूरक्रॉफ्ट या पशुवैद्याला आणलं. चांगल्या घोड्यांच्या शोधात मध्य आशियात जाऊन तिथेच १८२५ साली मरण पावलेला हा माणूस. पुशाला आल्यावर त्याने घोड्यांच्या दाण्यासाठी ओट पेरून घेतले. मात्र दक्षिणेत नि पश्चिमेत घोड्याचा दाणा म्हणजे हरभरा नाहीतर हुलगा, हेच पुढेही चालू राहिलं. मद्रास इलाख्यातल्या घोडदळाला हुलगे शिजवून घालत. ती रीत शहाणपणाची होती. कच्च्या कडधान्यात प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्यं असतात. शिजवल्यावर ती बरीचशी निकामी होतात, स्टार्चही मोडतो. हरभऱ्यात स्टार्च मक्याहून बराच कमी आणि प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास. काम करणाऱ्या घोड्याला मूठ-दोन मूठ हरभरा उत्तमच. पण तोही भरीव दाणा आहे, डब्यात पुष्कळ मावतो. गरजेपेक्षा जास्त प्रथिनांचा निचरा शेवटी मूत्रातून होतो आणि तबेल्यात डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो. सकाळी तबेल्याचं दार उघडल्यावर तो वास आला, तर हरभऱ्याचा हात आखडावा.

जुन्या लोकांना हे रसायन ठाऊक नव्हतं, पण घोडा ठाऊक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम घोड्याच्या रोजच्या दाण्याचं माप दिलं आहे: भात, जव, राळे यांपैकी धान्य, अर्धं सुकं किंवा अर्धं शिजवलेलं, नाहीतर शिजवलेले मूग-उडीद, वर स्नेह म्हणजे तेलतूप, मीठ आणि इतर काही, शिवाय हिरवा आणि वाळला चारा वेगळा. अकबराच्या पागेच्या नोंदी ऐन-ए-अकबरीत आहेत, तिथेही शिजवलेला दाणा आणि तूप भेटतं. यांतलं स्नेह नि तूप मला विशेष लक्षणीय वाटतं. घोड्याला पित्ताशय नसतं, म्हणून त्याला तेलतूप पचत नाही अशी समजूत बरेच दिवस होती. पण पित्ताशय नसल्याने पित्त सतत आतड्यात झरतं आणि हळूहळू सवय लावली तर घोडा तेल उत्तम पचवतो. तेलात स्टार्चचा कणही नाही. ज्या घोड्याला ताकद हवी पण दाणा सोसत नाही, त्याला आज पशुवैद्य तेलच सुचवतात. गुळाचं मात्र तसं नाही. तो सरळ साखर आहे. घामाघूम होऊन आलेल्या घोड्याला एखादा खडा ठीक, पण बसून असलेल्या जाड तट्टाच्या बाबतीत तो इन्सुलिनच्या वाटेचा सोबती.

कोंड्याचंही सांगायला हवं, कारण तो निरुपद्रवी समजून घमेल्याने घातला जातो. गव्हाच्या कोंड्यात स्टार्च कमी असतो हे खरं, पण फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापट असतो. रोज कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याचं शरीर रक्तातलं कॅल्शियम राखण्यासाठी हाडांतून ते काढून घेतं. जबड्याची नि चेहऱ्याची हाडं मऊ होऊन फुगतात. युरोपात पीठगिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा आजार सर्रास होई, कारण त्यांच्याकडे कोंडा फुकट. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून कोंड्याबरोबर थोडा लसूणघास घालण्याची आपल्याकडची सवय चांगली आहे.

काम आणि दाणा यांचं नातं तर फार जुनं. मुंबईत १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्रामगाड्या घोडे ओढत. शेवटच्या काळात कंपनीच्या तबेल्यात १३६० घोडे होते. अशा मोठमोठ्या तबेल्यांच्या काळात युरोप-अमेरिकेत एका दुखण्याला ‘सोमवारचं दुखणं’ म्हणत. रविवारी घोड्याला सुट्टी, पण दाणा रोजच्याइतकाच. सोमवारी गाडीला जुंपला की थोड्याच अंतरावर मागचे पाय ताठ, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे, घाम, आणि लघवी काळपट लाल. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्म्याखाली आणावा, हा धडा तेव्हापासूनचा. महालक्ष्मीच्या नि पुण्याच्या रेसकोर्सवर तो पाळतात. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी चंदी कमी होते, दाणा दिवसात तीन-चार वेळा विभागून जातो. तिथे प्रत्येक घोड्यामागे सईस आहे, डॉक्टर हाताशी आहेत. तरीही दाण्याचं प्रमाण जास्तच असतं, आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनिया-मेरीलँड भागातल्या १९९७ सालच्या एका मोठ्या पाहणीने दाखवलं की दिवसाला अडीच ते पाच किलो खुराक खाणाऱ्या घोड्यात पोटशूळाचा धोका, खुराक न खाणाऱ्याच्या जवळजवळ पाचपट असतो.

लग्नाच्या वरातीच्या घोड्याला कसला सईस नि कसला डॉक्टर. लग्नसराईत रात्ररात्र बँडपुढे उभं राहायचं आणि उरलेले महिने खुंट्याला. माथेरानच्या घोड्यांचंही तेच. दस्तुरीपासून पुढे मोटारी नाहीत, म्हणून सुट्ट्यांच्या हंगामात दिवसभर चढ-उतार. पावसाळ्यात पर्यटक घटले की बसून. मालकाचा जीव घोड्यावर असतो, म्हणून कमाई नसली तरी तो डबा कमी करत नाही. तिथेच चुकतं. काम थांबलं त्या दिवसापासून दाणा उतरवायला हवा आणि काम सुरू झाल्यावर दहा-पंधरा दिवसांत हळूहळू चढवायला हवा, कारण मोठ्या आतड्यातल्या जिवांना नव्या खाण्याशी जुळायला तेवढा वेळ लागतो. सारंगखेड्याच्या बाजारात दत्तजयंतीच्या सुमारास घोडा पाहणारे आधी अंगावरची चकाकी पाहतात, भोवरे पाहतात, चाल पाहतात. विक्रीआधीचे काही आठवडे ती चकाकी आणायला दाणा, तूप, गूळ यांचा मारा करण्याचा मोह मोठा असतो. नव्या मालकाने मानेवर हात फिरवावा. मानेच्या वरच्या कडेला घट्ट चरबीचा गोळा लागला तर तो घोडा खुरांच्या दुखण्याच्या उंबरठ्यावर असू शकतो. घरी नेल्यावर विकणाऱ्याने काय चारलं ते विचारून तेच चालू ठेवून मग उतरवत न्यावं.

या सगळ्याच्या मुळाशी दाणा नाहीच, गवत आहे. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा हवा. तीनशे किलोच्या घोड्याला पाच-सहा किलो. शहरातल्या घोडेवाल्याला दाण्याचं पोतं दुकानात मिळतं, डोक्यावरून आणता येतं, खोलीच्या कोपऱ्यात मावतं. गवताला जागा लागते, गाडीभाडं लागतं, पावसात ते भिजतं, बुरशी येते. पालघर-वाड्याकडचं वाळलं गवत गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जातं, पण चार घोडी असलेल्या माणसाला महिन्याचा साठा करायला छप्परच नसतं. मग चारा कमी पडतो आणि तूट दाण्याने भरली जाते. घोडेवाल्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्याला आधी गवताची कोठी द्या, नगरपालिकेने द्यावी, पशुसंवर्धन खात्याने द्यावी, सहकारी सोसायटीने बांधावी. मग डब्याबद्दल बोलता येईल.

तोवर त्याच्या हातात जे आहे ते सांगतो. दाण्याच्या आधी गवत टाकावं, निदान अर्धा तास. पोटात गवताची गादी असली की दाणा सावकाश पुढे सरकतो. दाण्यात कुट्टी मिसळावी, म्हणजे चावावं लागतं. एका वेळचा मोठा डबा तीन वेळांत वाटावा. प्रत्येक धान्याचा डबा एकदा दुकानातल्या काट्यावर ठेवून वजन पाहावं आणि डब्यावर खडूने लिहून ठेवावं. म्हाताऱ्या घोड्याचे दात वर्षातून एकदा तपासून घ्यावेत, कारण कडा वाढलेल्या दाताने तो दाणा न चावता गिळतो. आणि खाण्यात बदल केला की पुढचे तीन दिवस लीद हाताने फोडून पाहावी. आख्खे दाणे दिसले तर ते न चावताच गेले. चिमण्या त्यासाठीच लिदीवर जमतात. लीद सैल, फेसाळ आणि आंबूस वासाची असेल तर स्टार्च मागे पोहोचला आहे असं समजावं. त्या दिवशीचा दाणा बंद करावा, पाणी नि गवत पुरेपूर द्यावं आणि चारही खुरांवर हात ठेवून पाहावं. एखादं जरी गरम लागलं तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावं.